सुवर्ण नॅनोकणांचा यूव्ही-व्हिज स्पेक्ट्रम: नमुन्यापासून नोंदवहीपर्यंत

एम.एस्सी.च्या प्रोजेक्ट-अहवालांत एक वाक्य हमखास सापडतं: "शिखर ५२० नॅनोमीटरला मिळालं, म्हणून सुवर्ण नॅनोकण तयार झाले." खाली कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश नमुन्याने किती अडवला, त्याचा आलेख (स्पेक्ट्रम) असतो. तो ४०० नॅनोमीटर तरंगलांबीला सुरू होतो, ७०० ला संपतो, उभ्या अक्षावर आकडे नसतात आणि ब्लँक (तुलनेसाठीचं, कण नसलेलं द्रावण) कशाचा होता याचा कुठे उल्लेख नसतो. वाक्य खोटं नाही, पण त्या आलेखात आणखी चार-पाच गोष्टी होत्या आणि त्या मोजणाऱ्यानेच पुसून टाकल्या.

हा लेख सायट्रेटने बनवलेल्या, पाण्यातल्या, साधारण १० ते १०० नॅनोमीटरच्या गोल कणांसाठी आहे. साधा यूव्ही-व्हिज स्पेक्ट्रोफोटोमीटर (हा आलेख काढणारं यंत्र) आणि १ सेंटिमीटरचा क्युव्हेट (नमुना भरायची पारदर्शक चौकोनी कुपी) एवढ्यावर काम भागतं. वनस्पतीच्या अर्काने कण बनवणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे, पण आधीचे टप्पे त्यांनीही वाचावेत. (प्रयोगशाळेत सगळे 'पीक' म्हणतात. शेतीतल्या पिकाशी गल्लत नको, म्हणून इथे शिखर.)

टप्पा १: यंत्राकडे जाण्याआधी

तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते वहीत एका ओळीत लिहा. कण बनले का, त्यांचा आकार किती, संहती किती, की मीठ किंवा औषध घातल्यावर ते एकमेकांना चिकटतात का? या चार प्रश्नांसाठी स्पेक्ट्रमचे वेगवेगळे भाग लागतात. कण बनले का हे कळायला ओबडधोबड स्कॅनही चालतो. आकार आणि संहतीसाठी ४०० आणि ४५० नॅनोमीटरचे आकडे अचूक हवेत. चिकटण्यासाठी ६०० च्या पुढचा भाग हवा. म्हणून स्कॅन नेहमी ३०० ते ९०० असाच घ्या. नंतर कमी भाग छापता येतो, न घेतलेला भाग परत आणता येत नाही.

क्युव्हेट कोणता? दृश्य प्रकाशापुरतं काम असेल तर काचेचा किंवा एकदा वापरून टाकायचा प्लास्टिकचा चालतो. ३५० च्या खाली वाचायचं असेल तर क्वार्ट्झ घ्या. अगदी कमी नमुन्यासाठीचे छोट्या खिडकीचे क्युव्हेट वापरणार असाल, तर यंत्राचा किरण तळापासून किती उंचीवर जातो ते आधी पाहा. ही उंची यंत्रागणिक वेगळी असते, ८.५ आणि १५ मिलिमीटर या दोन नेहमीच्या. खिडकी आणि किरण जुळले नाहीत तर अर्धा प्रकाश काळ्या भिंतीवर आपटतो आणि आकडे कसेही येतात.

टप्पा २: काच स्वच्छ करणं

सोनं काचेला चिकटतं. चंबूच्या भिंतीवर राहिलेले जुने कण पुढच्या बॅचमध्ये बीजासारखे काम करतात, आणि मग "त्याच कृतीने यावेळी आकार वेगळा का आला" याचा शोध महिनाभर चालतो. त्यासाठी चंबू, चुंबकी दांडी आणि क्वार्ट्झचे क्युव्हेट आम्लराजाने धुतात, म्हणजे ३ भाग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १ भाग नायट्रिक आम्ल. नंतर डिस्टिल्ड पाण्याने भरपूर वेळा धुवायचं. राहिलेलं आम्ल नवे कण विरघळवतं आणि क्लोराईडमुळे ते चिकटतातही.

*सावध:* आम्लराज फ्यूम हूडमध्येच, चष्मा आणि हातमोजे घालून, लागेल तेवढंच बनवा. नायट्रिक आम्ल हायड्रोक्लोरिकमध्ये सावकाश ओता. बूच लावलेल्या बाटलीत ते कधीही ठेवू नका, आतून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटते. अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोलने नुकतंच धुतलेलं भांडं आधी पाण्याने धुवा. सेंद्रिय द्रावक आणि आम्लराज यांची गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो. प्लास्टिकचे किंवा डिंकाने जोडलेले क्युव्हेट यात घालायचे नाहीत.

क्लोरोऑरिक आम्ल (ज्यापासून कण बनवतात ते सोन्याचं संयुग) काढायला धातूचा चमचा वापरू नका. सोन्याचं संयुग स्टीललाही खातं, आणि तुमच्या द्रावणात लोह उतरतं. काचेचा किंवा प्लास्टिकचा चमचा घ्या.

*तपासणी:* धुतलेल्या क्युव्हेटमध्ये फक्त पाणी भरा आणि रिकाम्या जागेच्या बेसलाइनवर (यंत्राने शून्य धरलेल्या स्कॅनवर) स्कॅन घ्या. ५२० ते ५५० दरम्यान बारीकसा फुगवटा दिसला तर भिंतीवर सोन्याचा थर आहे. माझ्याच हातून एकदा ही तपासणी राहिली होती. दोन दिवस मी "अतिशय स्थिर" नमुना मोजत होतो. स्थिर होता तो क्युव्हेटच्या काचेवरचा गुलाबी थर.

टप्पा ३: नमुना तयार करणं

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

अभिक्रिया संपल्यावर चंबू खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गरम द्रावण क्युव्हेटमध्ये ओतलं तर भिंतीवर बुडबुडे धरतात. थंड नमुन्याचं उलटं: फ्रिजमधून काढून लगेच मोजला तर क्युव्हेटच्या बाहेरून दव धरतं, आणि पावसाळ्यात किनारपट्टीवरच्या प्रयोगशाळेत तर ते पुसेपर्यंत परत येतं. नमुना १५-२० मिनिटं टेबलावर राहू द्या.

मोजण्याआधी बाटली हळू गोल फिरवून ढवळा. जोरात हलवू नका, फेस येतो. ४० नॅनोमीटरच्या वरचे कण काही दिवसांत तळाशी बसतात, वरवरचं द्रव घेतलं तर संहती कमी येते. आणि नमुना कधीही गोठवू नका. एकदा बर्फ झाला की कण चिकटून बसतात, वितळल्यावर परत सुटत नाहीत. साठवायचा असेल तर ४ अंश सेल्सियसला, अंधारात.

आता पातळ करणं. शिखराचा अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती अडला त्याचा आकडा, आलेखाचा उभा अक्ष) ०.२ ते १.० च्या दरम्यान असावा. त्याहून जास्त असेल तर पातळ करा, पण कशाने हे महत्त्वाचं. नळाचं पाणी नको, त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आयन सायट्रेटने धरून ठेवलेला ऋण भार दाबून टाकतात. सलाइन नको. फॉस्फेट बफर सलाइन तर अजिबात नको, सायट्रेट कण त्यात पाहता पाहता जांभळे होतात. माझी सवय २ मिलिमोलर ट्रायसोडियम सायट्रेटची आहे: १०० मिलिलिटर पाण्यात डायहायड्रेट सुमारे ५९ मिलिग्रॅम. खूप पातळ करायचं असेल तर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यापेक्षा हे बरं, कारण कणांवरचं सायट्रेट टिकून राहतं.

सिरिंज फिल्टरमधून गाळायचा मोह टाळा. सोनं पडद्यालाच चिकटतं, आणि नमुन्यात चिकटलेल्या कणांचे गोळे झाले असतील तर तो पुरावाही फिल्टरवर राहतो. स्पेक्ट्रम सुंदर येतो, पण तो तुमच्या चंबूतल्या नमुन्याचा नसतो.

*तपासणी:* नमुना उजेडासमोर धरून आरपार पाहा, मग बाजूने टॉर्च मारून पाहा. २० नॅनोमीटरच्या आसपासचे कण आरपार माणकासारखे लाल आणि बाजूने स्वच्छ दिसतात. बाजूने तपकिरी-नारिंगी गढूळपणा दिसला तर कण मोठे आहेत. आरपारच जांभळा-निळा दिसत असेल तर यंत्राकडे जाण्याआधीच उत्तर मिळालं: कण चिकटले आहेत.

टप्पा ४: ब्लँक आणि बेसलाइन

यंत्र सुरू करून किमान २०-३० मिनिटं तापू द्या. दिवे स्थिर व्हायला वेळ लागतो. घाईत घेतलेली बेसलाइन पहिल्या नमुन्याला बरोबर वाटते आणि पाचव्याला सरकलेली असते.

ब्लँक म्हणजे नमुन्यातलं सगळं, फक्त कण सोडून. सायट्रेट दृश्य प्रकाश शोषत नाही, त्यामुळे ४०० च्या वर पाणी ब्लँक म्हणून चालतं. तरीही ज्या द्रावणाने पातळ केलं तेच ब्लँकला घ्या, सवय चांगली लागते. कणांवर प्रथिनं किंवा रंगीत औषध लावलं असेल, तर ब्लँकमध्येही तेवढंच हवं.

क्युव्हेटच्या एका बाजूला वरच्या कडेजवळ पेन्सिलने खूण करा. खूण नेहमी किरण येतो त्या बाजूला. शक्यतो ब्लँक आणि नमुना एकाच क्युव्हेटमध्ये, ब्लँक आधी. दोन क्युव्हेट वापरायचेच असतील तर दोन्हींत पाणी भरून फरक पाहा.

*सावध:* कालची साठवलेली बेसलाइन वापरू नका. वेळ वाचवायचा असेल तर चहा कमी घ्या.

*तपासणी:* बेसलाइननंतर ब्लँकचाच एक स्कॅन घ्या. ३०० ते ९०० पर्यंत रेषा शून्याजवळ सपाट हवी. ३२० ते ३६० दरम्यान कुठे छोटी पायरी दिसली तर ती दिवा बदलण्याची जागा आहे, ड्युटेरियमकडून टंगस्टनकडे. ती कुठे आहे ते लिहून ठेवा, नाहीतर उद्या तिलाच तुम्ही नवं शिखर समजाल.

वर्षातून एक-दोनदा तरंगलांबी तपासायला होल्मियमचं प्रमाण फिल्टर लावा. त्याची ५३६ नॅनोमीटरजवळची रेषा आपल्या शिखराच्या अगदी शेजारी आहे, म्हणून सोयीची.

टप्पा ५: स्कॅन

मांडणी साधी: दोन वाचनांत १ नॅनोमीटरचं अंतर, एका वेळी नमुन्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या पट्टीची रुंदी १ ते २ नॅनोमीटर, वेग मध्यम. सोन्याचं शिखर चांगलंच रुंद असतं, त्याला फार बारीक पट्टी लागत नाही. स्मूदिंग (यंत्राने आलेख गुळगुळीत करणं) बंद ठेवा.

क्युव्हेट कडांना धरा, बाहेरून लिंट नसलेल्या कागदाने पुसा, बुडबुडे पाहा, झाकण लावा. एकाच भरणीचे तीन स्कॅन घेण्यापेक्षा तीन वेळा नव्याने भरून एकेक स्कॅन घ्या. पहिल्या पद्धतीत यंत्राची पुनरावृत्ती कळते, दुसऱ्यात तुमच्या हाताची. हाताची चूक जवळजवळ नेहमी मोठी निघते.

*तपासणी:* नमुना बरोबर अर्धा पातळ करून पुन्हा मोजा. शिखर निम्मं झालं पाहिजे आणि जागेवर राहिलं पाहिजे. निम्म्यापेक्षा जास्त उरलं तर पहिला नमुना यंत्राच्या आवाक्याबाहेर होता. निम्म्यापेक्षा कमी उरलं किंवा उजवीकडे सरकलं तर पातळ करतानाच कण चिकटू लागले. पाच मिनिटांची ही तपासणी निम्म्या चुका पकडते, आणि तरी कोणी करत नाही.

आणखी एक काम वर्षातून एकदा तरी करा. एका मिलिलिटर जादा नमुन्यात १ मोलर मिठाच्या द्रावणाचे १०० मायक्रोलिटर घाला आणि त्याचा स्पेक्ट्रम घ्या. लाल रंग जांभळा-निळा होईल, ५२० चं शिखर बसेल आणि ६०० ते ७०० च्या पट्ट्यात नवा उंचवटा येईल. हा आलेख छापून भिंतीवर लावा. तुमच्या यंत्रावर बिघडलेला नमुना कसा दिसतो, ते तुम्हाला तोंडपाठ हवं.

टप्पा ६: आलेखातून पाच आकडे काढणं

फक्त शिखराची जागा लिहू नका. प्रत्येक नमुन्यासाठी हे पाच लिहा: ४०० चा अ‍ॅब्सॉर्बन्स, ४५० चा, शिखराची जागा आणि उंची, ६५० चा, ८०० चा. यंत्राने दिलेल्या मूळ आकड्यांवरूनच लिहा. उंची १ करून घेतलेला आलेख तुलना दाखवायला ठीक, पण त्यातून संहती निघून जाते.

सुरुवात ८०० पासून करा. लहान, सुटे कण असतील तर इथे जवळजवळ शून्य हवं. ऋण आकडा आला तर ब्लँक चुकला. ०.०५ वगैरे आला आणि रेषा सपाट असेल तर बुडबुडा, धूळ किंवा क्युव्हेटवरचा डाग. रेषा ६०० पासून उतरत उतरत तिथे पोचत असेल तर गोळे आहेत. ही पायरी नीट होत नाही तोवर पुढचं गणित करू नका.

मग ६५० भागिले शिखर. १५ नॅनोमीटरच्या सुट्या कणांसाठी हे गुणोत्तर ०.१ च्या आसपास किंवा त्याखाली राहतं. एखाद्या एका आकड्यापेक्षा त्याचा कल बघा: आज ०.०७, आठवड्याने ०.०९, महिन्याने ०.१५. शिखर अजून ५२० लाच असतं आणि अहवालात "स्थिर" लिहिलेलं असतं, पण कण चिकटायला लागलेले असतात.

टप्पा ७: आकार आणि संहती

शिखराच्या जागेवरून लहान कणांचा आकार सांगू नका. १० नॅनोमीटरच्या कणांचं शिखर ५१८ च्या आसपास, २० चं ५२४ च्या आसपास. आकार दुप्पट झाला आणि शिखर जेमतेम सहा नॅनोमीटर सरकलं. यंत्राचीच चूक एक नॅनोमीटरची असेल, तर हातात काही उरत नाही. मोठ्या कणांचं वेगळं: ६० चं शिखर ५३५ ते ५४० ला, १०० चं ५७० च्या पुढे. तिथे शिखराची जागा उपयोगी आहे.

साधारण ३५ नॅनोमीटरच्या खाली शिखराची उंची भागिले ४५० चा अ‍ॅब्सॉर्बन्स हे गुणोत्तर वापरा. हाइस आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दिलेल्या तक्त्यात १० नॅनोमीटरला १.५०, १४ ला १.६१, १६ ला १.६५, २० ला १.७३ आणि ३० ला १.८६ असे आकडे आहेत.

एक उदाहरण करू. समजा ०.२५ मिलिमोलर सोन्यापासून कण बनवले, न पातळ करता मोजले, आणि आकडे आले: ४०० ला ०.६१, ४५० ला ०.५२, शिखर ५२० ला ०.८५.

गुणोत्तर ०.८५ भागिले ०.५२, म्हणजे १.६३. आकार सुमारे १५ नॅनोमीटर. त्याच तक्त्यात १५ नॅनोमीटरच्या कणांचा ४५० ला मोलर गुणांक (१ मोलर कणांचा १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमधला अ‍ॅब्सॉर्बन्स) २.१८ गुणिले १० चा आठवा घात आहे. ०.५२ ला त्याने भागलं की २.४ नॅनोमोलर कण मिळतात.

आता उलट बाजूने पडताळा. ४०० नॅनोमीटरला १.२ अ‍ॅब्सॉर्बन्स म्हणजे धातुरूप सोनं सुमारे ०.५ मिलिमोलर. आपले ०.६१ म्हणजे ०.२५ मिलिमोलर, जेवढं घातलं तेवढंच. १५ नॅनोमीटरच्या एका कणात सुमारे १.०४ लाख अणू बसतात. ०.२५ मिलिमोलर भागिले १.०४ लाख, उत्तर पुन्हा २.४ नॅनोमोलर. दोन्ही वाटा एकाच जागी आल्या तर निर्धास्त राहा. ४०० वरून घातल्यापेक्षा जास्त सोनं निघालं तर आनंदित होऊ नका, गढूळपणा किंवा ब्लँकची चूक आहे. कमी निघालं तर अभिक्रिया अपुरी असेल किंवा सोनं चंबूला चिकटलं असेल.

*सावध:* ही गणितं गोल आणि सुट्या कणांसाठीच. दांड्या, त्रिकोण किंवा चिकटलेले गोळे असतील तर तक्ता बंद करा आणि टीईएमकडे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे) जा. डीएलएसचा (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजणाऱ्या पद्धतीचा) आकडा टीईएमपेक्षा मोठा आला म्हणून घाबरू नका, तो कणाभोवतीच्या थरासकट मोजलेला व्यास असतो.

मोठ्या कणांबाबत एक गोष्ट. यंत्र ज्याला अ‍ॅब्सॉर्बन्स म्हणतं त्यात कणांनी शोषलेला आणि इकडे-तिकडे विखुरलेला, दोन्ही प्रकाश आला. २० नॅनोमीटरला विखुरलेला भाग नगण्य असतो, पण तो व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो आणि शोषण तिसऱ्या घाताने. ८० नॅनोमीटरला विखुरण्याचा वाटा मोठा असतो. लेझरने कण किती तापतील याचा हिशोब या एकत्र आकड्यावरून केला तर उत्तर फुगून येतं. दोन्ही वेगळं करायला इंटिग्रेटिंग स्फिअर (सगळ्या दिशांना विखुरलेला प्रकाश गोळा करणारा पोकळ गोल) जोडलेलं यंत्र लागतं.

अर्काने कण बनवणाऱ्यांसाठी

तुळस, कडुनिंब, कोरफड यांच्या अर्काने कण बनवण्याचे प्रोजेक्ट आपल्याकडे भरपूर होतात. त्यांची अडचण ब्लँकमध्ये आहे. अर्क स्वतः ४५० च्या खाली जोरात शोषतो, म्हणून पाण्याच्या ब्लँकवर ४०० आणि ४५० चे आकडे निरर्थक होतात. ताजा अर्क ब्लँकला घेतला तर उलटी चूक होते, कारण अभिक्रियेत अर्कातला काही भाग खर्च झालेला असतो आणि तुम्ही गरजेपेक्षा जास्त वजा करता.

त्यातल्या त्यात बरा मार्ग सेंट्रिफ्यूजचा. १५-२० नॅनोमीटरच्या कणांना १२,००० ते १४,००० आरपीएमला २०-३० मिनिटं लागतात. वरचं द्रव काढा, पण तळाशी थोडं राहू द्या; अगदी कोरडा गाळ परत सुटत नाही. वरचं द्रव गुलाबी नसेल तर तोच तुमचा सर्वांत प्रामाणिक ब्लँक. गाळ पाण्यात परत पसरवून मोजा आणि सेंट्रिफ्यूजआधीच्या स्कॅनशी ६५० चं गुणोत्तर ताडून पाहा. ते वाढलं असेल तर फिरवण्यातच कण चिकटले.

आणि कृपा करून ७०० ला थांबू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ साली गवती चहाच्या अर्काने सोन्याचे सपाट त्रिकोणी कण बनवले. त्या त्रिकोणांची खूण दिसते ती लालच्या पलीकडे, अवरक्त भागात. तुमच्या अर्कातही असे कण होत असतील, तर ७०० ला कापलेला आलेख ते लपवतो. यंत्र ११०० पर्यंत जात असेल तर तिथवर घ्या. मात्र तिथे उंचवटा दिसला तर तो त्रिकोणांचा की गोळ्यांचा, हे टीईएमशिवाय ठरवू नका.

टप्पा ८: उठण्याआधी

वहीत लिहा: बॅच क्रमांक आणि कण बनवल्याची तारीख, मोजल्याची तारीख, किती पट आणि कशाने पातळ केलं, ब्लँक काय, क्युव्हेट कोणता, पाच आकडे, तिन्ही भरण्यांतला फरक. फाइल मूळ आकड्यांसकट साठवा, नुसतं चित्र नको. फाइलला "फायनल २" असं नाव देऊ नका.

क्युव्हेट लगेच रिकामा करून पाण्याने तीन-चारदा धुवा. रात्रभर नमुना आत राहिला तर सकाळी गुलाबी थर नक्की. उरलेला नमुना सिंकमध्ये नाही, सोन्याच्या वेगळ्या बाटलीत ओता, आणि त्या बाटलीत दुसऱ्या कोणाचं अ‍ॅसिटोन जाणार नाही याची चिठ्ठी वर लावा.